आधी नकाशा, मग संप

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेतल्या तुझ्या विद्यापीठात शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची युनियन उभी करायला सहकाऱ्यांकडून कार्डं (‘मला युनियन हवी’ अशी सही असलेली) भरून घेत बसायचं की सरळ संप पुकारायचा, असं विचारतोस. पत्रात शिकागोच्या हेमार्केटचा १८८६चा कामगारलढा आहे, मे दिन आहे, विद्यापीठाच्या कुलगुरूंवर यथेच्छ तोंडसुख आहे. पण पहिल्या वर्षाचे पेपर नेमकं कोण तपासतं, किती जण तपासतात आणि गुण कोणत्या तारखेपर्यंत भरावे लागतात, याबद्दल एक ओळ नाही. कोण कुठे काय काम करतं आणि ते कुठे अडतं याचा नकाशा काढलेला नाहीस, तर संपाचं नाव तूर्त काढू नकोस.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावच्या मोटार-कामगारांचा संप तुला घोषणांसाठी आवडतो. तो जिंकला गेला साच्यांमुळे. जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या बॉडीचे पत्रे ज्या साच्यांत दाबले जात, त्यांतले मोक्याचे साचे फ्लिंटच्या फिशर बॉडी क्रमांक १ या कारखान्यात होते. ३० डिसेंबर १९३६ला ते रेल्वेच्या डब्यांत चढवून युनियन कच्ची असलेल्या गावी हलवायची तयारी दिसली, आणि कामगार आत जाऊन बसले. गावातल्या एकूण कामगारांत सभासद थोडेच होते, पण काम कुठे अडतं हे त्यांना ठाऊक होतं. १ फेब्रुवारीला त्याच कंपनीच्या शेवरोले विभागातल्या ९ नंबरच्या कारखान्यात मुद्दाम दंगा उडवून दिला. कंपनीचे पहारेकरी तिकडे धावले आणि इकडे इंजिनं बनवणारा ४ नंबर ताब्यात आला. मिशिगनचे गव्हर्नर मर्फी यांनी सैनिक बोलावले खरे, पण कामगारांना बाहेर काढायला वापरले नाहीत. ४४व्या दिवशी कंपनीने युनियनला मान्यता दिली. (कारखान्यात ठाण मांडण्याची नक्कल मात्र करू नकोस. अशा संपाला कायद्याचं कवच नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३९मध्येच ठरवलंय.)

आता उलटं उदाहरण. ३ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेचे सुमारे १३ हजार हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले. आपल्यावाचून विमान उडणारच नाही, असा त्यांचा हिशोब. सरकारने पर्यवेक्षक बसवले, लष्करी नियंत्रक आणले, उड्डाणं कमी केली. वैमानिक विमानं उडवत राहिले. कामावर परतायला दिलेली ४८ तासांची मुदत संपली आणि ११ हजारांवर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांची बाजू खोटी नव्हती, नकाशा अर्धा होता. पाचच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईच्या गिरण्यांत अडीच लाख माणूस संपात उतरला. गिरण्या थांबल्या, कापड थांबलं नाही, कारण भिवंडीचे यंत्रमाग चालू होते. गिरणगावाच्या त्यागाबद्दल मला कुणी शिकवू नये. पण त्याग मोजून मालक नमत नाही, माल अडला की नमतो. हे बोललं की मला कोरडा म्हणतात. म्हणोत बापडे.

तुझ्याकडे माल म्हणजे गुण. २०२२मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४८ हजार शैक्षणिक कामगारांनी १४ नोव्हेंबरला संप सुरू केला, तो सत्राच्या अखेरीचे पेपर आणि गुण डोळ्यांसमोर ठेवूनच. सप्टेंबरात केला असता तर कुणाचं काय अडलं असतं? आणि प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांचं दुखणं वेगळं: त्यांनी काम थांबवलं की आधी त्यांचाच प्रबंध रखडतो. ते लवकर कामावर परततात, मग त्यांना गद्दार म्हणून मोकळं व्हायचं? त्यांना कोणतं काम थांबवता येईल ते आधी बसून ठरव.

भिंतीवर मोठा कागद लाव. विभाग, प्रयोगशाळा, प्रत्येकाचं नाव, मातृभाषा, आणि अडचणीत लोक कुणाला विचारायला जातात ते. सभेत सर्वांत मोठ्याने बोलतो तो हा माणूस बहुधा नसतो. प्रत्येकाला १ ते ५ क्रमांक दे: १ म्हणजे स्वतः दुसऱ्यांना आणणारा, ३ म्हणजे कुंपणावरचा, ५ म्हणजे कट्टर विरोधक. क्रमांक कृतीवरून द्यायचा. ‘मी तुमच्याच बाजूने आहे’ म्हणाला पण उघड निवेदनावर सही केली नाही, तर तो ३च.

तुझं विद्यापीठ खासगी, म्हणून १९३५चा राष्ट्रीय कामगार-संबंध कायदा लागू. युनियन हवी की नको यावर मतदानाची मागणी ३० टक्के कार्डांवर करता येते, जिंकायला पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. तू मात्र ६५-७० टक्क्यांखाली अर्ज करू नकोस. अर्ज आणि मतदान यांच्या मधल्या आठवड्यांत प्रशासन वकील आणतं, गोड ई-मेल येतात, प्राध्यापक सहज म्हणून व्हिसाचा विषय काढतात, आणि १०-१५ टक्के लोक गळतात. व्हिसावाल्यांना समोर बसवून सांग की हा कायदा नागरिकत्व विचारत नाही. मात्र स्वतःचे वर्ग बुडवू नका, नावनोंदणी सुटली तर व्हिसा अडचणीत येतो. ज्याच्या त्याच्या भाषेत सांग. १९१२मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स गावच्या कापड गिरण्यांत पगारकपातीविरुद्ध वीस हजारांवर कामगार उतरले, तेव्हा संपसमितीत देशोदेशींच्या कामगारांचे आपापले प्रतिनिधी होते, भाषणांचे अनुवाद होत. तुमची समिती बघ: चिनी विद्यार्थी निम्मे, समितीत एक नाही!

पैशाच्या मागणीसाठी संप केलात तर तुमच्या जागी कायमची माणसं नेमता येतात, हे १९३८पासून चालत आलंय. प्रशासनाने कायदा मोडला म्हणून केलेल्या संपात तसं करता येत नाही. म्हणून धमकी, बदली, चौकशी, सगळं तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेव. या कायद्याखालच्या तक्रारीला सहा महिन्यांची मुदत असते.

उत्तरात भाषण नको. कागदाचा फोटो पाठव, आणि गुण भरायची शेवटची तारीख कळव.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता