अण्णांना अंधारात ठेवून सही नको

'वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६६ वर्षांचे असून १४ वर्षे मधुमेही आहेत. आगरात झावळीची काडी पायात रुतली. जखमेवर महिनाभर हळद लावली, आता अंगठा काळा पडला आहे. मागे एकदा चप्पल आगरातच राहिली आणि ते ओटीवर येऊन टेकले तरी त्यांना कळले नव्हते. डॉक्टर गुडघ्याखाली पाय काढायला सांगतात. भाऊ म्हणतो, "जखम साफ करायला नेतो" एवढेच सांगून आपणच सही करू. वॉर्डात पाय काढलेले तिघे पाहिले: दुचाकीवरून पडलेला तरुण, विड्या ओढणारा चाळिशीचा खलाशी आणि अण्णांसारखेच एक मधुमेही. माझा धीर सुटला आहे.'
– एक मुलगी, गुहागर तालुका

ताई,

भावाच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्याचा मार्ग मला पटत नाही. अण्णा शुद्धीवर आहेत आणि त्यांना सारे समजते, तेव्हा संमतीपत्रावर सही त्यांचीच हवी. भूल उतरल्यावर पांघरूण चाचपून ज्याला पाय गेल्याचे कळते, तो माणूस पुढे घरच्यांनी दिलेली गोळीसुद्धा संशयाने घेतो.

तुम्ही पाहिलेल्या तिघांची दुखणी वेगवेगळी आहेत. तरुणाचा पाय अपघाताने चिरडला. खलाशाला बहुधा तंबाखूने लहान रक्तवाहिन्या बंद पाडणारा बर्जरचा आजार असावा. तो विडी सोडल्याशिवाय आटोक्यात येत नाही. अण्णांच्या पायाची संवेदना मात्र काडी रुतण्याच्या कितीतरी आधी गेली होती; ओटीवरच्या त्या प्रसंगाने ते सांगितलेच होते. बधिर पायाला जखम दुखत नाही, अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे ती भरत नाही आणि वाढलेल्या साखरेत जंतुसंसर्ग फोफावतो. हळदीला दोष देत बसू नका; महिना गेला तो न दुखण्यामुळे.

'एकदा कापले की वरवर कापत जातात' हे वॉर्डातले बोलणे अगदीच खोटे नाही, कारण रक्त पोहोचत नसेल तर कापलेली जागाही चिघळते. म्हणून डॉक्टरांना विचारा, की पायात रक्त किती पोहोचते ते दाखवणारी डॉप्लर तपासणी झाली का, आणि रक्तवाहिनी मोकळी करून कमी भाग काढण्यावर भागेल का. त्यासाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठायची असेल तर तेही आजच ठरवा. मात्र ताप, दुर्गंधी किंवा वर चढणारी लाली असेल तर दुसऱ्या मतासाठी दिवस घालवू नका. तेव्हा प्रश्न जिवाचा असतो.

अण्णा बहुधा एवढेच विचारतील, 'आगरात जाता येईल का?' गुडघा वाचला तर कृत्रिम पायावर चालणे पुष्कळ सोपे जाते, हे त्यांना खरेखरे सांगा. जयपूरमध्ये १९६८ साली तयार झालेला जयपूर फूट तर अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या आणि चिखलात उतरणाऱ्या आपल्या माणसांसाठीच घडवला गेला. जखम पूर्ण भरून मगच तो बसवतात, त्यामुळे काही महिने धीर धरावा लागेल. तोवर दुसऱ्या पायाचा तळवा रोज रात्री उजेडात तुम्ही स्वतः पाहत जा. त्यांना तिथेही काही टोचल्याचे कळणार नाही.