दहा दिवसांत फरक नाही म्हणून लघवीच्या घाईवरची गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की आईंना (वय 62) लघवीची अचानक घाई होते, बाथरूमपर्यंत पोहोचेतो थेंब गळतात, म्हणून सोलिफेनासिन सुरू केली. दहा दिवसांत फरक नाही, उलट तोंडाला कोरड पडतेय. मी फार्मासिस्ट आहे. इतक्यात आपल्या मनाने गोळी बंद करू नका. पुरता गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात.

मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचनाचा इशारा अॅसिटिलकोलिन हे शरीरातलं रसायन देतं. सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या तो इशारा अडवतात. पण लाळग्रंथी आणि आतडी त्याच इशाऱ्यावर चालतात, म्हणून कोरड आणि बद्धकोष्ठ. इथेच बऱ्याच जणी अडकतात. तोंड सुकलं की दिवसभर घोट घोट पाणी पितात, लघवी वाढते आणि गोळी लागू पडत नाही असं वाटतं. आईंचं पाणी तोडू नका, पण तहान नसेल तेव्हा नुसती चूळ भरू द्या. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेल्या, किती प्यायल्या, कधी गळलं. ही वही पाहून डॉक्टरांना बरंच कळतं.

कोरड सोसवेनाच तर मिराबेग्रॉनबद्दल विचारा. ती वेगळ्या मार्गाने स्नायू सैल करते, तोंड फारसं सुकत नाही, पण बीपी वाढू शकतं, त्यामुळे ते तपासत राहावं लागतं. आईंना काचबिंदू असेल किंवा हल्ली विसरायला होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अॅलर्जीच्या आणि झोपेच्या काही जुन्या गोळ्याही सोलिफेनासिनसारखाच तो इशारा अडवतात, दोन्हींची बेरीज वयस्कर बाईला गोंधळवून टाकते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याच.

खोकताना-शिंकताना गळणाऱ्या बायकाही याच गोळ्या मागतात, आणि मला फार वाईट वाटतं. तिथे मूत्राशय आणि मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू सैलावलेले असतात. त्यावर या गोळ्यांचा उपयोग नाही, केगलचे व्यायाम (लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून सैल सोडणं) निदान तीन महिने रोज करावे लागतात. आईंनीही ते सुरू करावेत, घाईच्या त्रासातही मदत होते. पाळी गेल्यानंतर आलेल्या कोरडेपणाने त्रास वाढला असेल, तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीमही डॉक्टर देतात.

लघवीची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या, जंतुसंसर्गातही अशीच घाई होते. लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा लघवी अडकली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.