आधी बाण काढ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. संगणकावरच्या हिशेबात ब्रॅकेटच्या (भार धरणाऱ्या आधाराच्या) आतल्या कोपऱ्यात मेश, म्हणजे हिशेबासाठी पाडलेली जाळी, बारीक करावी तसा स्ट्रेस (धातूतला ताण) वाढतोय, १८० वरून २६०, मग ४१० मेगापास्कल; खरा आकडा कोणता, असं विचारतोस. यातला एकही नाही. त्या कोपऱ्याला तू फिलेट, म्हणजे गोलाई, दिलेलीच नाहीस. अशा धारदार कोपऱ्यात गणिताप्रमाणे स्ट्रेस अनंत होतो, म्हणून आकडा चढतच राहणार. त्रिज्या दे, तो स्थिरावेल.

मला खटकलं ते वेगळंच. सहा पानांत एकही फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे भाग सुटा काढून त्यावरची सगळी बळं बाणांनी दाखवणारं चित्र, नाही! भार कुठून येतो, कुठल्या बोल्टमधून बाहेर जातो, काही नाही. नुसती रंगीत चित्रं. आधी बाण काढ. कागदावर, हातानं.

मी हे एक शाफ्ट मोडून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका पंपाच्या शाफ्टचा व्यास मी फक्त टॉर्कवरून, म्हणजे पिळावरून, काढला. बेल्टची ओढ धरलीच नाही. बेल्टच्या दोन्ही बाजूंची ओढ मिळून शाफ्टला वाकवते, आणि शाफ्ट फिरत असल्यानं पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) साधारण ११ तासांत १० लाख फेरे होतात. शाफ्ट बेअरिंगशेजारी, जिथे व्यास बदलतो तिथेच तुटला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेघा होत्या. फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा ताण येऊन धातू थकणं. जर्मन इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या ॲक्सलवर याचेच प्रयोग केले होते. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं. फॅक्टर ऑफ सेफ्टी ३ घेतला होता मी, म्हणजे हिशेबाच्या तिप्पट ताकद. पण जे बळ हिशेबातच नव्हतं, त्याला तो ३ काय करणार? फ्री बॉडी काढली असती तर पुलीवर बेल्टचे दोन बाण काढावेच लागले असते.

१९८१ साली कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलातले टांगते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. दोन्ही पुलांना धरणाऱ्या अखंड सळीच्या जागी दोन तुकडे वापरले गेले आणि वरच्या पुलाच्या नटावर खालच्या पुलाचाही भार आला, म्हणजे दुप्पट. त्या एका नटाभोवती बाण काढले की हे पाच मिनिटांत दिसतं.

ब्रॅकेट वाकतोय म्हणून जास्त ताकदीचं स्टील घ्यायचं? नको. स्टील कुठलंही घे, यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठरपणा, २०० गिगापास्कलच्या आसपासच. भाराच्या दिशेनं जाडी दुप्पट कर, वाकणं आठव्या हिश्श्यावर येईल.

मी हळू काम करतो, अडवून धरतो, असं बरेच जण म्हणाले. एक हुशार मुलगा माझ्या हाताखालून चिडून निघून गेला, कारण फ्री बॉडीशिवाय आलेलं त्याचं ड्रॉइंग मी तीनदा परत पाठवलं. त्याच्याशी जरा मायेनं बोलायला हवं होतं, हे आता कळतं. ड्रॉइंग मात्र चौथ्यांदाही परत पाठवलं असतं. त्यातला भार माणसांच्या डोक्यावर होता.

तर पुढच्या पत्रात फक्त ब्रॅकेट, त्याचे चार बोल्ट आणि बाण. स्थिर भागावरच्या बाणांची बेरीज शून्य यायला हवी; येत नसेल तरी पाठव. राहिलेला बाण कुठला, ते दोघं मिळून शोधू.

तुझा,
एक जुना डिझायनर