पहिल्यांदा सवाईला जातोयस? मग एवढं वाच

सवाई म्हणजे पुण्यातला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. त्याच्या पाचही दिवसांचं तिकीट काढू नकोस. नव्याने ऐकणाऱ्यांची हीच पहिली चूक असते. तिसऱ्या दिवशी कान थकतात. एकच दिवस निवड, भारतीय बैठकीचं (खाली मांडी घालून बसायचं) तिकीट घे, पण त्या दिवशी पहिल्या कलाकारापासून बस.

दुसरी चूक म्हणजे फोनवर रागाची माहिती शोधत बसणं. 1953 पासून लोक इथे ऐकायला येतात, त्यातले कितीतरी जण राग न ओळखताच रमलेत. तू फक्त बंदिशीचा, म्हणजे गायल्या जाणाऱ्या रचनेचा, मुखडा (सुरुवातीचे शब्द) पकड. गायक सुरांत कुठेही फिरून आला तरी तेच दोन-चार शब्द घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर), येतो. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात मात्रा बाराच असतात, पण एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) जवळजवळ मिनिटभर चालू शकतं, म्हणून सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटतं. तेव्हा तबलजीकडे बघ. सम जवळ आली की त्याची मान किंचित उचलते, शेजारचे आजोबा मांडीवर हात आपटतात. अशा तीन-चार समा तुला आधीच कळल्या की विलंबित कंटाळवाणं वाटणार नाही, खात्रीने सांगतो.

बाकी किरकोळ:
- स्वेटर आणि बसायला छोटी उशी. डिसेंबरात मुकुंदनगरच्या मैदानावर रात्री चांगलंच गारठतं.
- गाणं चालू असताना उठायचं नाही. दोन कलाकारांच्या मध्ये चहाला भरपूर वेळ मिळतो.

घराणी, थाट वगैरे पुढच्या वर्षी बोलू.