दोघांचाही रक्तगट बी, मग मुलाचा ओ कसा?

नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला की मूल अशक्त निपजतं आणि सारखं आजारी पडतं, ही समजूत गोव्यात मला पेडण्यापासून काणकोणपर्यंत भेटते. लग्न जुळवताना पत्रिकेच्या खाली रक्तगट लिहून मागवतात. लग्न होऊन गेलेलं असलं तर मुलाच्या पहिल्या मोठ्या आजारपणात कुणीतरी हा विषय काढतंच.

फोंडा तालुक्यातलं एक जोडपं याच काळजीने माझ्याकडे समुपदेशनाला आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, ती घरी शिवणकाम करणारी, मुलगा चार वर्षांचा. जूनमध्ये बालवाडी सुरू झाली आणि तेव्हापासून सर्दी, खोकला, मधूनच ताप. दिश्ट काढून झाली, देवाला प्रसाद लावून झाला. चवथीला घर भरलेलं असताना नवऱ्याच्या आत्याने दोघांचे रक्तगट विचारले. दोघांचाही बी पॉझिटिव्ह. "मग बरोबर, एकाच रक्ताचं मूल असंच असणार," असं त्या बोलल्या आणि सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या. गट दोघांचा सारखा, पण खाली मान घालायची पाळी तिचीच आली. असं मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता त्याचा मनापासून संताप येतो.

या समजुतीचं मूळ मला आपल्या सगोत्राच्या विचारात दिसतं. एक गोत्र नको, तसंच एक रक्त नको. पण एकच रक्तगट म्हणजे एकच रक्त नव्हे. तांबड्या पेशींवर ए आणि बी या दोन खुणांपैकी कुठली आहे, दोन्ही आहेत की एकही नाही (म्हणजे ओ), एवढंच गट सांगतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणजे डी नावाची आणखी एक खूण असणं-नसणं. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने 1901 मध्ये हे गट मांडले आणि रक्त कुणाचं कुणाला चालेल हे त्यावरून कळू लागलं. भारतात ओ आणि बी हे गट सर्वाधिक आढळतात, त्यामुळे असंख्य जोडप्यांचा गट एकच असतो आणि त्यांची मुलं इतरांच्या मुलांसारखीच वाढतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो हे खरं, पण ते नात्यामुळे. गट एक असल्यामुळे नाही.

गटामुळे खरी काळजी घ्यावी लागते ती नेमकी उलट्या परिस्थितीत. आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. त्याचा त्रास बहुधा पुढच्या बाळाला होतो, गर्भात किंवा जन्मल्या जन्मल्या रक्तक्षय आणि कावीळ. ही प्रतिपिंडं तयारच होऊ नयेत म्हणून आईला देण्याचं अँटी-डीचं इंजेक्शन आहे. साधारण 28 व्या आठवड्याला, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत. चार वर्षांच्या मुलाच्या खोकल्याशी याचाही संबंध नसतो.

एवढं बोलून झाल्यावर बाईंचा चेहरा सैल झाला, नवऱ्याचा मात्र नाही. मुलाला घेऊन ती बाहेर गेली तेव्हा त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. मुलाचा गट ओ पॉझिटिव्ह. "मॅडम, आम्ही दोघं बी. मग हा ओ कुठून आला?"

प्रश्न तेवढाच होता, पण त्याच्यामागे काय आहे ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी त्याला म्हटलं, उत्तर सोपं आहे, पण ते तुमच्या बायकोसमोरच देईन. कारण आधीच्या एकटीच्या भेटीत ती मला म्हणाली होती, "हे कपाटातून तो रिपोर्ट काढून बघत बसतात, बोलत काहीच नाहीत." अशा वेळी उत्तर एकट्या पुरुषाच्या कानात सांगितलं, तर बाईच्या वाट्याला संशय तेवढा राहतो आणि त्याचं निरसन तिला ऐकायलाच मिळत नाही.

ती आत आल्यावर मी कागदावर लिहिलं. प्रत्येकाकडे दोन अक्षरं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. बी आणि ओ एकत्र आले की तपासणीत फक्त बी दिसतं, ओ झाकून राहतं. आईबाप दोघेही असे बी-ओ असतील तर चार शक्यतांपैकी एकीत मुलाला दोघांकडून ओ मिळतं. मग मी आजी-आजोबांचे गट विचारले. त्याने घरी फोन लावला. त्याच्या आईचा गट ओ. म्हणजे त्याच्यात ओ असणारच, आईकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच. तिच्या वडिलांच्या रक्तदानाच्या कार्डावरही ओ. नातवाचा गट आजी-आजोबांकडून सरळ चालत आला होता. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला, मग तिला म्हणाला, "मी विचारायला हवं होतं." ती लगेच विरघळली नाही, आणि तिने विरघळावं अशी माझीही अपेक्षा नव्हती. नंतरच्या भेटी आम्ही त्यावरच घालवल्या.

गट जुळत नाही असं वाटलं, तर आधी तपासणी पुन्हा करून घ्यावी. नोंदीत चुका होतात. आणि क्वचित 'बॉम्बे' रक्तगटासारखी गोष्टही निघते. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो प्रथम नोंदवला. नेहमीच्या तपासणीत असा माणूस ओ वाटतो, पण त्याचं मूल ए किंवा बी असू शकतं.

मूल आजारी का पडतं, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञांचा. बालवाडीत जायला लागलेल्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा, कधी त्याहूनही जास्त, सर्दी-खोकला होतो. एकेक खोकला दोन आठवडे रेंगाळला की घरच्यांना तो सलग वाटतो. वजन वाढत नसेल, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला असेल, खोल गळवं वारंवार होत असतील, महिनोन् महिने औषधं देऊनही गुण येत नसेल, तर मात्र रोगप्रतिकारशक्तीची तपासणी हवी. या मुलाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. पण रात्री छातीत घरघर होई, पावसात जास्त. तो झोपायचा त्या खोलीची भिंत ओल आणि बुरशीने काळी पडलेली, आणि उशाशी मच्छर कॉइल. डॉक्टरांनी घरात कुणाला दमा होता का विचारलं, तेव्हा सासूबाईंना आठवलं की मुलाच्या बापालाही लहानपणी असंच व्हायचं. आनुवंशिक काही होतं तर ते हे. इन्हेलरची सवय लागते या भीतीने तो सुरू करायलाही वेळ गेला, पण सुरू केल्यावर रात्री शांत जाऊ लागल्या. सर्दी अजूनही होते.

पुढे धाकट्या दिराचं लग्न ठरत होतं, तेव्हा सासूबाईंनीच मला विचारलं, मुलीचा रक्तगट मागवू का? मी म्हटलं, गटावरून स्थळ नाकारू नका, पण दोघांची एचपीएलसी नावाची रक्ततपासणी जरूर करा. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक तीत कळतो. असा वाहक स्वतः ठणठणीत असतो. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते की मुलाला गंभीर थॅलेसेमिया होईल आणि जन्मभर रक्त चढवावं लागेल. ते त्यांना पटलं. साखरपुड्याच्या आधीच दोन्ही घरांनी तपासणीचा दिवस ठरवला.