आधी अंदाज, मग व्हिडिओ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ज्युनिअर कॉलेजात रुजू झालीस, अकरावी-बारावीचं फिजिक्स तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहिलंस, 'सर, चांगल्या वेबसाइट आणि चॅनेलची यादी पाठवा.' यादी मी दोन मिनिटांत पाठवेन, पण नुसत्या यादीने तुझं काम होणार नाही. फिजिक्सचं साहित्य आज नेटवर हवं तेवढं आहे, त्यातलं बरंचसं उत्तम आहे आणि फुकट आहे. खरा प्रश्न आहे तो वर्गात ते कधी उघडायचं आणि त्याआधी मुलांना काय विचारायचं हा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हेरिटॅसियम हे यूट्यूबवरचं विज्ञानाचं चॅनेल तू पाहिलं असशील. ते सुरू करणाऱ्या डेरेक मुलरने २००८ साली सिडनी विद्यापीठात पीएच.डी. पूर्ण केली. विषय होता, फिजिक्स शिकवणारे व्हिडिओ कसे असावेत. त्याने काही विद्यार्थ्यांना न्यूटनचे नियम स्वच्छ, नीटनेटके समजावून सांगणारा व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या काहींना दोघांचा संवाद दाखवला. त्यात एक जण विद्यार्थ्यांच्या डोक्यात असतात तेच चुकीचे समज बोलून दाखवतो आणि मग ते एकेक करून तपासले जातात. पहिल्या गटाला आपला व्हिडिओ सोपा आणि छान वाटला, पण चाचणीत त्यांचे गुण जवळजवळ होते तिथेच राहिले. दुसरा गट गोंधळला, डोक्याला ताण पडला असं म्हणाला, आणि शिकला मात्र तोच.

असं का होतं ते तुझ्या वर्गात तुला एका प्रश्नात दिसेल. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यानंतर वर जाताना त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? हवेचा विरोध सोडून दे. दहावीला नव्वद टक्के मिळवलेली मुलंही सांगतील, 'गुरुत्वाकर्षण खाली आणि हाताचं बल वर.' आता या मुलांना तू कितीही चांगला व्हिडिओ दाखव. 'चेंडूवर फक्त गुरुत्वाकर्षणाचं बल आहे' हे वाक्य ती ऐकतील, मान डोलावतील, आणि मनातलं हाताचं बल आहे तिथेच ठेवतील. आपल्याला हे ठाऊकच होतं, असं त्यांना वाटतं, त्यामुळे ती नीट ऐकतच नाहीत. पण तोच प्रश्न आधी विचारून प्रत्येकाला वहीत बाणाची आकृती काढायला लावलीस, तर पुढचा व्हिडिओ त्यांच्या स्वतःच्या आकृतीच्या विरोधात बोलू लागतो. मग कान टवकारतात.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे की अंदाज कागदावर उतरल्याशिवाय स्क्रीन चालू करायची नाही. अंदाज तोंडी घेऊ नकोस. तोंडी विचारलं की पुढच्या बाकावरचे तिघे बोलतात आणि बाकीचा वर्ग त्यांच्या मागे जातो.

आता साधनांकडे येतो. एकच निवड म्हणालीस तर मी 'फेट' (PhET) निवडेन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायच्या प्रयोगांची, सिम्युलेशन्सची साइट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर इथे, कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. एवढ्या मोठ्या संशोधकाने पुढची कित्येक वर्षं मुलं फिजिक्स कशी शिकतात याचा अभ्यास करण्यात घालवली, याचं मला फार मोल वाटतं. फेटची सिम्युलेशन्स मोफत आहेत, बरीचशी मराठीतही आहेत, आणि एकेक फाइल डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवली की नेट नसतानाही चालतात. तुझ्या गावाकडची रेंज मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. घरी एकदा बसून सगळी उतरवून ठेव.

त्यातलं विद्युत परिपथ जोडायचं सिम्युलेशन घे. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचे तीन सारखे दिवे एकसर जोड. तिसऱ्या दिव्याच्या दोन्ही टोकांना समांतर एक स्विच लाव आणि तो उघडा ठेव. तिन्ही दिवे सारखे पेटलेले दिसतील. आता माउसवरचा हात काढ आणि वर्गाला विचार, 'स्विच बंद केला तर पहिल्या दोन दिव्यांचं काय होईल?' शब्द जपून वापर. 'स्विच बंद केला' म्हणजे स्विचची टोकं जुळली की तुटली, यावर मुलांचा हमखास घोळ होतो (इथे जुळली), तेव्हा फळ्यावर आकृती काढ. तीन पर्याय दे: उजेड वाढेल, कमी होईल, तेवढाच राहील. वहीत लिहून घे, मग हात वर करायला सांग. बरेच हात 'तेवढाच राहील' ला येतील, कारण बॅटरी ठरावीक करंट देते अशी त्यांची पक्की समजूत असते. लगेच उत्तर सांगू नकोस. वेगळं उत्तर लिहिलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं दे आणि पुन्हा हात वर करायला लाव. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आहे. त्यांचे विद्यार्थी परिपथातली धारा काढायचे किरचॉफचे नियम वापरून अवघड गणितं सोडवत, पण अशाच साध्या दिव्यांच्या प्रश्नावर अडखळत. आपल्याकडेही हेच चित्र आहे.

मग स्विच दाब. धारा तिसऱ्या दिव्याला वगळून स्विचमधून जाते, म्हणून तो विझतो आणि उरलेले दोन लख्ख होतात. आता आकडेमोड करायला लाव. आधी धारा (करंट) ०.३ अँपिअर होती, आता ०.४५ झाली. एका दिव्याची शक्ती ०.९ वॅटवरून २.०२५ वॅटवर गेली, म्हणजे सव्वादोनपट. धारा दीडपट झाली तर शक्ती सव्वादोनपट का, हे कुणीतरी विचारेलच. तुझा तास तिथे सुरू होतो.

याच सिम्युलेशनवर कोलोरॅडोत झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत खऱ्या तारा-दिव्यांवर काम केलं, काहींनी फक्त सिम्युलेशनवर. नंतर सिम्युलेशनवाल्यांना संकल्पना जास्त कळलेल्या निघाल्या, आणि खरा परिपथ जोडून त्याचं वर्णन करण्यातही ते पुढे होते. पडद्यावर तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात, टेबलावर दिसत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण. पण एवढ्यावरून तुमच्या प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लावू नकोस. पडद्यावरचं वायर कधी सैल होत नाही, सेल उतरत नाही, टोकावर गंज चढत नाही. लूज कॉन्टॅक्ट शोधताना मुलाला परिपथ जेवढा कळतो तेवढा दुसऱ्या कशाने कळत नाही. सिम्युलेशन झालं की त्याच आठवड्यात टॉर्चचे दिवे आणि सेल हातात दे, आणि विचार, 'पडद्यावर होतं आणि इथे नाही असं काय? इथे आहे आणि पडद्यावर नव्हतं असं काय?'

हातात द्यायचं म्हटलं की अरविंद गुप्तांची साइट आठवलीच पाहिजे. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा माणूस पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत राहिला. त्यांचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. त्यातली सेलवर चालणारी मोटर तू कर: एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि इनॅमलच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्याच्या टोकांवरचं इनॅमल खरवडताना एक बाजू तशीच ठेवायची असते. व्हिडिओ बरोबर तिथे थांबव आणि विचार, 'सगळंच खरवडलं तर?' चार गटांना मुद्दाम पूर्ण खरवडलेलं वेटोळं करू दे. ते फिरायचं सोडून थरथरत राहील, कारण अर्ध्या फेरीनंतर बल उलट्या दिशेने फिरवू पाहतं. कम्युटेटर, म्हणजे मोटरमधला दर अर्ध्या फेरीला धारेची दिशा उलटवणारा भाग, कशासाठी असतो हे त्या मुलांना पुन्हा सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट मुलांच्या खिशातच आहे. जर्मनीत आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ साली 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप काढलं. फोनमधले सेन्सर वापरून ते मोजमापं करतं. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच घे. फुग्याला दोऱ्याने एक नट बांध, फुगा धरून नटाचं खालचं टोक स्टीलच्या ताटापासून बरोबर १.५ मीटर उंच ठेव, आणि टाचणीने फुगा फोड. फुटण्याच्या आवाजाने घड्याळ सुरू होतं, ताटावर नट आपटला की थांबतं. साधारण ०.५५ सेकंद येईल. वर्गातल्या प्रतिध्वनीने घड्याळ आधीच थांबत असेल तर ॲपमधला किमान विलंब ०.२ सेकंद कर.

यात फोन कुठे ठेवायचा हा प्रश्न मला फार आवडतो, तो मुलांवरच सोपव. फोन ताटाशेजारी ठेवला तर फुग्याचा आवाज दीड मीटर खाली यायला चार-एक मिलिसेकंद घेतो, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होतं आणि या वेळेवरून काढलेली g ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत ९.८ ऐवजी ९.९५ च्या आसपास येते. फोन अर्ध्या उंचीवर धरला तर दोन्ही आवाजांना सारखाच वेळ लागतो आणि चूक आपोआप निघून जाते. जर्नलमध्ये 'त्रुटीची कारणं' म्हणून मुलं दरवर्षी तीच तीन वाक्यं उतरवून काढतात. इथे त्यांना खरी त्रुटी सापडते, तिचं माप कळतं आणि ती काढायची युक्तीही.

घरी मुलं काय पाहतात यावर तुझं फारसं नियंत्रण राहणार नाही. सीईटी आणि जेईईच्या क्लासचे व्हिडिओ दीडपट वेगाने पाहणं हा आता अभ्यासच मानला जातो. त्यांना नावं ठेवत बसू नकोस, त्यातले काही शिक्षक खरोखर तयारीचे आहेत. फक्त एक सवय लाव. गणित वाचून झालं की व्हिडिओ थांबवायचा, वहीत स्वतः सोडवायला घ्यायचं, अडलं तर कुठे अडलं ते एका ओळीत लिहायचं, मगच पुढे जायचं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटलाही हाच नियम लाव. त्याने दिलेल्या उत्तराची एककं जुळतात का आणि टोकाच्या परिस्थितीत ते पटतं का, हे मुलाने स्वतः तपासलेलं दिसलं पाहिजे. हुशार मुलांना मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवरचे ऑलिंपियाडचे जुने पेपर दे. उत्तरं तिथेच आहेत, पण ती आठवडाभर उघडायची नाहीत असं ठरवून दे.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं तुझ्या वर्गात असणारच. अकरावीत सगळं इंग्रजीत आल्यावर ती गप्प होतात, आणि आपण समजतो की त्यांना फिजिक्स येत नाही. अंदाज मराठीत लिहायची मोकळीक दे. मराठी विश्वकोश आता नेटवर आहे. वाईहून निघालेल्या या कोशातल्या भौतिकीच्या नोंदी भारदस्त आहेत, मुलांना जड जातील, पण तू तासाला जाण्याआधी वाचाव्यात अशा आहेत. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात. आठवी ते दहावीची मराठी पुस्तकं उतरवून ठेव, म्हणजे मूल कुठून आलंय ते तुला दिसेल.

आणि तुझ्यासाठी. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकमध्ये नव्या विद्यार्थ्यांना दिलेली व्याख्यानं आज मोफत वाचता येतात. घाई न करता वाच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचं 'रेझोनन्स' मासिक १९९६ पासून निघतंय, त्याचे सगळे अंक खुले आहेत. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाची 'हायपरफिजिक्स' साइट दिसायला जुनाट आहे, पण कोणती संकल्पना कशाशी जोडलेली आहे हे पाहायला तिच्याइतकी सोयीची जागा मला सापडलेली नाही.

एका गोष्टीची तयारी ठेव. या पद्धतीने शिकवायला लागलीस की महिन्याभरात कुणीतरी तक्रार करेल, 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारत बसतात.' हार्वर्डमध्ये फिजिक्सच्याच वर्गांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच आढळलं. स्वतः डोकं चालवावं लागलेल्या तासात मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. छान व्याख्यान ऐकलेल्यांचं नेमकं उलट. तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुलांना आणि प्राचार्यांना हे समजावून सांग. पोर्शन मागे पडेल ही प्राचार्यांची काळजी खरी असते, म्हणून सुरुवातीला आठवड्यातून एकच तास असा घे. बाकीचे तास नेहमीसारखे जाऊ देत.

दिव्यांचा प्रश्न घेतलास की दोन्ही वेळचे हात मोजून मला कळव, चर्चेआधीचे आणि नंतरचे. चर्चेनंतरही बहुतेक वर्ग चुकीच्याच उत्तरावर राहिला तर पुढचा प्रश्न कोणता घ्यायचा, ते आपण फोनवर बोलू. रविवारी सकाळी कर, मी घरीच असतो.

तुझे सर