विद्रूपीकरण म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?

तुमचा प्रश्न असा की भिंत घाण करणं, भिंत तोडणं आणि भिंतीचं विद्रूपीकरण करणं यात फरक काय, आणि हा शब्द इंग्रजी डिफेसवरून उचललाय का.

आधी शब्द सोडवून बघू. मूळ संस्कृत विरूप, म्हणजे ज्याचं रूप बिघडलंय ते. मराठीत मधे एक द घुसला आणि विद्रूप झालं. वाल्मीकी रामायणात नाक-कान कापलेल्या शूर्पणखेला विरूपिता म्हटलंय, म्हणजे हा शब्द आधी चेहऱ्याचा, भिंतीबिंती त्याच्या वाट्याला नंतर आल्या.

खरी गंमत पुढच्या ईकरणात आहे. संस्कृत व्याकरणात याला च्वि प्रत्यय म्हणतात, अर्थ काय तर जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं, जसं शुद्धीकरण. म्हणजे शब्दातच करणारा कोणीतरी बसलाय! ओल येऊन पोपडे धरलेली भिंत विद्रूप दिसेल पण तिचं कोणी विद्रूपीकरण केलं असं आपण म्हणणार नाही.

आता लिफ्टच्या आतला स्टीलचा पत्रा डोळ्यासमोर आणा, त्यावर कोणीतरी किल्लीने नाव कोरलंय, बाण, बदाम, मग दुसऱ्याने त्यावर काट मारून खाली स्वतःचं नाव. लिफ्ट वर-खाली जाते, बटणं चालतात, काही म्हणजे काही मोडलेलं नाही, पण आत शिरलं की नजर पहिली त्या ओरखड्यांवरच जाते. हे विद्रूपीकरण. तोडफोडीत वस्तू कामातून जाते, घाण पुसली की निघते, इथे वस्तू धडधाकट राहते आणि रूप तेवढं जातं. (हॅकर वेबसाइटच्या पहिल्या पानावर आपलंच काहीतरी चिकटवतात त्यालाही डिफेस म्हणतात, ते याच अर्थाने.)

डिफेसचं म्हणाल तर तो जुन्या फ्रेंचमधून 14व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. त्यातल्या फेसच्या मागे लॅटिन फाकिएस आहे, ज्याचा अर्थ चेहरा आणि रूप दोन्ही. म्हणजे दोन्हीकडे कल्पना तीच निघाली, पण विरूप आपल्याकडे इंग्रजीची गाठ पडायच्या कितीतरी आधीपासून आहे, त्यामुळे उचललाय म्हणणं मला तरी पटत नाही. फार तर डिफेसला मराठी शब्द हवा होता तेव्हा हा घरातच सापडला असं म्हणा.

व्हँडलिझम मात्र यात मिसळू नका, तो नासधुशीचा शब्द. 455 मध्ये रोम लुटणाऱ्या व्हँडल टोळ्यांवरून 1794 मध्ये आँरी ग्रेगवार या फ्रेंच बिशपने तो रूढ केला, क्रांतीच्या धामधुमीत कलाकृती फोडल्या जात होत्या त्याबद्दल बोलताना.

आणि हो, प्रश्नात तुम्ही विद्रुपीकरण लिहिलंय, तिथे रू दीर्घ हवा, आत रूप आहे ना.